प्रत कुठे ठेवावी? : रामगिरीच्या निमित्ताने

सर्व्हरवरील मजकुराची राखीव प्रत, म्हणजे ज्याला आपण सर्रास 'बॅकअप' म्हणतो ती, कुठे ठेवावी हा प्रश्न तंत्रज्ञांचा आहे, असे साहित्याच्या अभ्यासकाला वाटते. प्रत काढणे हे यंत्राचे काम, ती सांभाळणे हे व्यवस्थापकाचे काम. आपला संबंध मजकुराशी. ही वाटणी सोयीची असली तरी खरी नाही. पाठचिकित्सा नावाची जी शाखा आपण पदव्युत्तर वर्गात शिकवतो, तिचा सारा व्यवहार याच प्रश्नाभोवती फिरतो: मूळ नष्ट झाले असताना कोणती प्रत उरली, ती कुठे उरली आणि तेथेच का उरली. फरक इतकाच की पाठचिकित्सक हा प्रश्न सारे घडून गेल्यावर विचारतो, आणि सर्व्हर सांभाळणाऱ्याला तो आधी विचारावा लागतो.

या प्रश्नाचा विचार करण्यासाठी नागपूर जिल्ह्यातील रामटेक हे उत्तम ठिकाण आहे. या टेकडीशी निगडित असलेले शिलालेख, ताम्रपट, एक संस्कृत काव्य आणि मराठीतील आद्य गद्यचरित्र यांचा प्रवास शेजारी शेजारी ठेवून पाहिला, तर एक गोष्ट ध्यानात येते. लेखन टिकले ते केवळ साधनाच्या मजबुतीवर नव्हे. प्रत कोणत्या ठिकाणी गेली, ती कोणाच्या गरजेची होती आणि ती वाचण्याची किल्ली शाबूत राहिली की नाही, या तीन गोष्टींनी तिचे भवितव्य ठरवले.

शिळेवरची एकच प्रत

टिकाऊपणाचा विचार मनात आला की आपल्याला प्रथम दगड आठवतो. रामटेकच्या टेकडीवर दोन महत्त्वाचे शिलालेख आहेत. लक्ष्मण मंदिरातील लेख यादव राजा रामचंद्र याच्या काळातला, म्हणजे तेराव्या शतकाच्या उत्तरार्धातला. त्यात या क्षेत्रातील तीर्थांचे वर्णन येते. दुसरा लेख केवल नरसिंहाच्या मंदिरातला, वाकाटककालीन. तो भिंतीवरील चुन्याच्या थराखाली दडलेला होता आणि १९८० च्या दशकात अभ्यासकांसमोर आला. दोन्ही लेख आज अपूर्ण आहेत. कुठे दगडाचा पापुद्रा निघाला, कुठे अक्षरे झिजली. श्लोक मध्येच तुटतो आणि पुढचा अर्थ तर्काने जुळवावा लागतो. केवल नरसिंहाच्या लेखातील नातेसंबंधांवरून अभ्यासकांत जे वाद झाले, त्यांचे मूळ या तुटलेल्या अक्षरांतच आहे.

शिळेचे सामर्थ्य आणि तिची मर्यादा एकाच गोष्टीत आहे: ती हलत नाही. तिच्यावरचा लेख एका जागी, एका पावसाखाली, एका चुना लावणाऱ्याच्या हाताखाली राहतो. त्याची दुसरी प्रत बहुधा कोणी करीत नाही, कारण दगड अक्षय आहे अशी सर्वांची समजूत असते. अशा लेखांची खरी राखीव प्रत विसाव्या शतकात तयार झाली. ओला कागद शिळेवर दाबून त्यावर शाई फिरवली की अक्षरांचा ठसा उमटतो. तो ठसा छापला की शेकडो ग्रंथालयांत पोचतो. महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांनी वाकाटकांच्या लेखांचा जो बृहद् संग्रह १९६३ साली प्रसिद्ध केला, त्याचे महत्त्व या दृष्टीनेही पाहिले पाहिजे. उद्या एखाद्या मूळ लेखाची झीज आणखी वाढली, तरी त्यातील ठसे नागपुरात, पुण्यात आणि परदेशांतील ग्रंथालयांत एकाच वेळी असतील. मऊ कागदाने कठीण दगडाला येथे मागे टाकले आहे.

नंदिवर्धनाचे दप्तर

रामटेकच्या दक्षिणेला काही किलोमीटरवर नगरधन आहे. वाकाटकांची राजधानी नंदिवर्धन ती हीच, असे मानले जाते. दुसऱ्या चंद्रगुप्ताची कन्या प्रभावतीगुप्ता हिने पती रुद्रसेनाच्या मृत्यूनंतर, पाचव्या शतकाच्या आरंभी, येथूनच राज्यकारभार पाहिला. राजधानी म्हटली की दप्तर आले: दानांची नोंद, सीमांची नोंद, करमाफीची नोंद. त्या दप्तरातले आज काय उरले आहे? २०१५ ते २०१८ या काळात नगरधनला झालेल्या उत्खननात प्रभावतीगुप्तेच्या नावाची मातीची मुद्रा मिळाली. अशा मुद्रा पत्रांना किंवा बांधलेल्या वस्तूंना लावीत असत. मुद्रा हाती आली. तिने जे काही मोहोरबंद केले असेल, ते मात्र गेले.

दप्तर गेले, पण त्या दप्तरातून बाहेर पाठवलेल्या प्रती उरल्या. प्रभावतीगुप्तेचा एक ताम्रपट नंदिवर्धनाहून दिलेला आहे. तो सापडला पुण्यात, मूळच्या अहमदनगरच्या एका तांबटाकडे. दुसरा ताम्रपट प्रवरसेनाच्या कारकिर्दीच्या एकोणिसाव्या वर्षी 'रामगिरिस्वामी'च्या चरणांपासून, म्हणजे याच टेकडीवरून, दिलेला आहे. तो सापडला अमरावती जिल्ह्यातील रिद्धपूरला. पुण्याच्या ताम्रपटाचे वाचन के. बी. पाठक आणि के. एन. दीक्षित यांनी 'एपिग्राफिया इंडिका'त प्रसिद्ध केले, तेव्हा वाकाटकांच्या कालगणनेचा एक मोठा गुंता सुटला. इतर ताम्रपटांत राणीच्या पित्याचे नाव 'देवगुप्त' असे येत होते. तो देवगुप्त म्हणजे दुसरा चंद्रगुप्त होय, हे या पत्र्यांवरून निश्चित झाले.

हे पत्रे का टिकले? तांबे कुजत नाही हे एक कारण. पण तांबे वितळवता येते, आणि तांबटाच्या घरी तर ते भय अधिकच. दुसरे कारण अधिक विचार करण्याजोगे आहे. ताम्रपट राजाच्या कोठारात राहत नसे. ज्याला गाव मिळाले त्याच्या घरी तो जाई. त्याच्या आणि त्याच्या वंशजांच्या उपजीविकेचा तो पुरावा होता. तो जपण्याची गरज राज्यापेक्षा त्यांना अधिक होती, आणि राज्य लयाला गेल्यावरही घराला तो टाकून देण्याचे कारण नव्हते. मध्यवर्ती भांडार राजवटीबरोबर जाते. ज्याला मजकुराची गरज आहे त्याच्या हातची प्रत राजवटीनंतरही राहते. प्रत कुठे ठेवावी याचे पहिले उत्तर येथे मिळते: मुळापासून दूर, आणि जिचा तिच्यात काही हितसंबंध आहे अशा व्यक्तीकडे.

परक्या काव्यातील प्रत

कालिदासाच्या 'मेघदूता'तील यक्षाचा रामगिरी तो हाच, असे मिराशींनी आग्रहाने मांडले. इतर ठिकाणांचे दावेही आहेत. पण टेकडीवरचे कालिदास स्मारक आणि १९९७ साली स्थापन झालेले कविकुलगुरू कालिदास संस्कृत विद्यापीठ यांनी रामटेकशी हे नाते पक्के केले आहे. कालिदासाच्या हातची प्रत उपलब्ध नाही, असण्याचा संभवही नाही. काव्य टिकले ते नकलांतून आणि टीकांतून. काश्मिरात दहाव्या शतकात वल्लभदेवाने टीका लिहिली, तेलुगू प्रदेशात पुढे मल्लिनाथाने. शब्दाला शब्द लावून अर्थ सांगणारी टीका ही स्वतःच एक प्रत असते, कारण मूळ श्लोक गळला तरी टीकेवरून तो पुष्कळसा उभा करता येतो.

परंतु सर्वांत विलक्षण प्रत आहे ती जिनसेनाच्या 'पार्श्वाभ्युदया'त. नवव्या शतकात राष्ट्रकूटांच्या राज्यात होऊन गेलेल्या या जैन आचार्याने पार्श्वनाथांच्या तपश्चर्येवर काव्य रचले, आणि त्यातील प्रत्येक श्लोकात 'मेघदूता'चा एक किंवा दोन चरण गुंफले. बाकीचे चरण त्याचे स्वतःचे. समस्यापूर्तीच्या या पद्धतीने अख्खे 'मेघदूत' एका वैराग्यपर काव्याच्या पोटात जाऊन बसले. शृंगाराचे काव्य अशा घरात ठेवले गेले, जेथे ते जपण्याचे कारण पूर्णपणे वेगळे होते. जैन परंपरेने ती पोथी 'मेघदूता'साठी जपली नाही, पार्श्वनाथांसाठी जपली. पण तिच्याबरोबर कालिदासही आला. के. बी. पाठकांनी १८९४ साली याच 'पार्श्वाभ्युदया'च्या आधारे 'मेघदूता'ची आवृत्ती काढली. म्हणजे नंदिवर्धनाचा ताम्रपट आणि रामगिरीचे काव्य, दोहोंच्याही दूर गेलेल्या प्रती वाचणारा विद्वान एकच.

या प्रतींतून एक अडचणही पुढे येते. वल्लभदेवाच्या पाठात १११ श्लोक आहेत, जिनसेनाच्या पाठात १२०. दूर दूर गेलेल्या प्रती वेगळ्या वाटेने वाढतात. पण ज्या वेगळेपणामुळे गोंधळ होतो, त्यानेच तुलना शक्य होते. दोन प्रती परस्परांपासून स्वतंत्र असतील, तर त्यांच्या चुकाही बहुधा वेगळ्या असतात. म्हणून एकीची चूक दुसरीवरून ओळखता येते. एकाच प्रतीवरून उतरवलेल्या दहा नकला तीच चूक दहा वेळा सांगतात. पाठचिकित्सेचे हे प्राथमिक सूत्र पुढे सर्व्हरच्या बाबतीत पुन्हा भेटणार आहे.

धाड आणि स्मरण

महानुभाव परंपरा सांगते की भडोचचा हरिपाळदेव घरातून निघाला तो रामटेकच्या यात्रेला म्हणून. वाटेत रिद्धपूरला त्याला गोविंदप्रभू भेटले आणि त्याचा चक्रधर झाला. चक्रधरांच्या पश्चात म्हाइंभटांनी नागदेवाचार्यांच्या साहाय्याने 'लीळाचरित्र' सिद्ध केले ते साधारण १२७८ साली. त्यांची पद्धत आजच्या संशोधकाने लक्षात घ्यावी अशी आहे. ज्यांनी ज्यांनी स्वामींना पाहिले होते, त्यांच्याकडे जाऊन त्यांनी आठवणी गोळा केल्या आणि नागदेवाचार्यांकडून त्या पारखून घेतल्या.

चौदाव्या शतकाच्या आरंभी यादवांचे राज्य कोसळत असताना झालेल्या धाडीत पंथाचे ग्रंथ गेले. परंपरेनुसार त्यांत 'लीळाचरित्रा'ची मूळ प्रतही होती. एका गाठोड्यातली एक प्रत, आणि ते गाठोडे गेले. त्यानंतर जे घडले ते मराठी वाङ्मयाच्या इतिहासातील मोठे पुनर्लेखन होय. हिराइसेसारख्या ज्या शिष्यांना लीळा मुखोद्गत होत्या, त्यांच्या स्मरणातून ग्रंथ पुन्हा उभा राहिला. म्हणूनच 'लीळाचरित्रा'चे निरनिराळे पाठ आहेत आणि ते पुढे ज्यांनी त्यांचे जतन वा संकलन केले त्यांच्या नावांनी ओळखले जातात. ह. ना. नेने, शं. गो. तुळपुळे, वि. भि. कोलते यांच्या आवृत्त्यांत जे पाठभेद दिसतात, त्यांच्यामागे ही धाड आहे. मूळ प्रत एका जागी असण्याची किंमत आपण आजही पाठभेदांच्या रूपाने मोजतो; आणि ती अनेकांच्या मुखी असल्याचा लाभ म्हणजे मोजायला काही उरले आहे, हा.

यानंतर पंथाने दोन उपाय योजले. एक प्रसाराचा: मठांबरोबर पोथ्या दूरवर गेल्या, पंजाबात आणि थेट काबूलपर्यंत, आणि तेथे मराठी पोथ्यांचे पठण चालू राहिले. दुसरा गुप्ततेचा: चौदाव्या शतकाच्या मध्यास रवळोबासांनी सकळ लिपी सिद्ध केली, पुढे सुंदरी आणि अशा इतर सांकेतिक लिप्या आल्या. अक्षराच्या जागी दुसरे अक्षर किंवा चिन्ह योजून ग्रंथ परक्यांना अवाच्य करण्याची ही युक्ती होती. तिने ग्रंथांचे रक्षण केले. पण मराठी भाषकांच्या पुढच्या अनेक पिढ्यांना हे वाङ्मय जणू नव्हतेच. विसाव्या शतकाच्या आरंभी महानुभाव महंतांच्या सहकार्याने वि. ल. भावे, वि. का. राजवाडे यांच्यासारख्या अभ्यासकांच्या हाती लिपीची किल्ली आली, तेव्हा मराठी वाङ्मयाच्या इतिहासाचे पहिले प्रकरण नव्याने लिहावे लागले. पोथ्या तेव्हा लिहिल्या गेल्या नाहीत, वाचल्या गेल्या. महंतांकडे किल्ली जिवंत नसती, तर पोथ्या असूनही नसल्यासारख्याच राहिल्या असत्या.

सर्व्हर आणि धाड

आता आजच्या प्रश्नाकडे वळू. पुष्कळ सर्व्हरांत एकच मजकूर दोन चकत्यांवर एकाच वेळी लिहिला जातो. एक चकती बंद पडली तरी दुसरी काम चालू ठेवते. यालाच अनेक जण बॅकअप समजतात. तो बॅकअप नव्हे. चुकून पुसलेला परिच्छेद दोन्ही चकत्यांवरून त्याच क्षणी जातो, कारण दुसरी चकती स्वतंत्र साक्षीदार नसून पहिलीची सावली असते. खंडणीसाठी फाइली कुलूपबंद करणारे घातक प्रोग्राम यंत्राला जोडलेल्या प्रतींनाही कुलूप लावतात, ते याच कारणाने. म्हणून काही काळाने स्वतंत्रपणे काढलेली, जुन्या तारखांसह राखलेली आणि जाळ्यापासून तोडून ठेवलेली प्रतच खरी राखीव प्रत.

जागेचा प्रश्न त्याहून निर्णायक आहे. १० मार्च २०२१ रोजी फ्रान्समधील स्ट्रासबुर्ग येथे ओव्हीएच या कंपनीच्या केंद्राला आग लागली आणि तेथील एक संपूर्ण इमारत भस्मसात झाली. ज्या ग्राहकांचे मूळ आणि राखीव प्रत दोन्ही त्याच आवारात होते, त्यांचे दोन्ही गेले. २६ सप्टेंबर २०२५ रोजी दक्षिण कोरियातील देजॉन येथे शासकीय माहिती केंद्राला आग लागली. त्यात सरकारी कर्मचाऱ्यांच्या सामायिक साठ्यातील ८५८ टेराबाइट मजकूर नष्ट झाला. साठा फार मोठा असल्याने बाहेर प्रत ठेवली नव्हती, असे कारण सांगितले गेले. जगातील अत्यंत प्रगत देशांत एका गाठोड्यातली प्रत गाठोड्याबरोबर गेली. आपल्याकडे ५ जानेवारी २००४ रोजी पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरावर झालेल्या हल्ल्यात पोथ्यांची आणि ग्रंथांची जी नासधूस झाली, तिनेही हेच शिकवले: संस्था कितीही थोर असो, ती एक जागा असते.

छायाचित्रकार पीटर क्रोग यांनी रूढ केलेला एक नियम आज तंत्रज्ञांच्या तोंडी असतो: तीन प्रती, दोन प्रकारच्या साधनांवर, त्यांपैकी एक दुसऱ्या ठिकाणी. रामगिरीच्या इतिहासाशी हा नियम ताडून पाहिला तर तो बरोबर ठरतो, पण अपुरा वाटतो. त्यात अंतर आहे, साधन आहे. हितसंबंध आणि किल्ली नाही. याहू कंपनीने २००९ च्या ऑक्टोबरात जिओसिटीज ही सेवा बंद केली, तेव्हा लक्षावधी लोकांची पाने पुसली गेली. त्यांतील जी वाचली, त्यांतील पुष्कळशी स्वयंसेवकांनी अखेरच्या महिन्यांत उतरवून घेतली म्हणून. मालकाला त्यांची गरज उरली नव्हती, त्यांना होती. ताम्रपटाची कथा येथे पुन्हा घडली.

आपली सकळ लिपी

किल्लीचा प्रश्न मराठीपुरता तर अगदी दाराशी आहे. युनिकोड रुळण्यापूर्वी, म्हणजे १९९० च्या दशकात आणि त्यानंतरही बराच काळ, आपले प्रबंध, नियतकालिकांचे अंक, पुस्तकांची अक्षरजुळणी निरनिराळ्या फाँटांत होत असे. त्यांत 'क'साठी रोमन लिपीतील एखाद्या अक्षराचा संकेत वापरलेला असे आणि प्रत्येक फाँटाची योजना वेगळी. तो फाँट नसलेल्या यंत्रावर फाइल उघडली की रोमन अक्षरांचा आणि चिन्हांचा अर्थहीन पसारा दिसतो. अक्षराच्या जागी दुसरे अक्षर ठेवण्याची ही रवळोबासांचीच युक्ती. पण त्यांनी ती जाणूनबुजून योजली होती आणि किल्ली गुरुशिष्यपरंपरेने सांभाळली. आपण ती नकळत योजली, आणि किल्ली कोणा एका विक्रेत्याच्या जुन्या प्रोग्राममध्ये ठेवून दिली.

मराठी विभागांच्या कपाटांत पडलेल्या फ्लॉपी आणि सीडी यांकडे या दृष्टीने पाहावे. त्यांवर केवळ प्रबंध नाहीत. प्रबंधासाठी गोळा केलेल्या मुलाखती, लोकगीतांच्या संहिता, बोलींचे नमुने आहेत. सांगणाऱ्या व्यक्तींपैकी अनेक जण आता हयात नाहीत. म्हणजे हिराइसेच्या स्मरणाचा मार्गही येथे बंद आहे. या फाइली रूपांतरित करणे शक्य आहे, कारण बहुतेक जुन्या फाँटांच्या योजना अद्याप ठाऊक आहेत आणि त्या वापरलेले लोक आपल्यात आहेत. ही सोय कायमची नाही.

काय करावे, हे त्यामुळे फारसे अवघड राहत नाही. प्रथम मजकूर युनिकोडमध्ये आणावा आणि मूळ फाइलही तशीच ठेवावी, कारण रूपांतरात जोडाक्षरे हमखास चुकतात आणि मग ताडून पाहायला मूळ लागते. एक प्रत विभागात, एक वेगळ्या साधनावर ग्रंथालयात, आणि एक दुसऱ्या गावी, ज्यांना ती वाचायची आहे अशा लोकांकडे असावी. रामटेकला संस्कृत विद्यापीठ आहे, रिद्धपूरला आता मराठी भाषा विद्यापीठ सुरू झाले आहे. दोघांचे विषय एकमेकांत गुंतलेले आहेत आणि दोघांमध्ये पुरेसे अंतर आहे. अशा दोन संस्थांनी परस्परांच्या प्रती सांभाळण्याचा करार केला, तर त्याला मोठा खर्च लागणार नाही. ज्या मजकुरात व्यक्तींची खासगी माहिती आहे, तो कुलूपबंद करूनच बाहेर द्यावा. पण किल्ली कोणाकोणाकडे आहे, याची लेखी नोंद दोन्हीकडे असावी.

शेवटचे काम सर्वांत साधे आणि सर्वांत जास्त टाळले जाणारे आहे. ठेवलेली प्रत वर्षातून निदान एकदा दुसऱ्याच संगणकावर उघडावी आणि तिच्यातील काही पाने मुळाशी ताडून वाचावीत. हे काम तंत्रज्ञाला एकट्याने जमणार नाही. फाइल उघडली की नाही, एवढे तो सांगू शकेल. तिच्यातील मराठी शाबूत आहे की नाही, हे वाचणाऱ्यालाच सांगावे लागेल.